टीपी-लिंक टीएल-एसजी३४२८: छोट्या कारखान्याचं आतलं राउटिंग या स्विचकडे द्यावं का?

द्यावं. आतलं राउटिंग म्हणजे नेटवर्कच्या एका भागातला डेटा दुसऱ्या भागात पोचवणं. फक्त पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या इंटरनेटच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूट (कुठल्या पत्त्यांचा डेटा कुठे पाठवायचा याची हाताने लिहिलेली वाट) लिहायची सोय आहे का, आणि तो राउटर स्वतःच्या सबनेटखेरीज (सबनेट म्हणजे पत्त्यांचा एक पट्टा) दुसऱ्या सबनेटमधल्या मशीनांनाही बाहेर सोडतो का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर हा स्विच छोट्या युनिटचं काम फार चांगलं करतो. नाही असेल तर आधी राउटर बदलावा लागेल, आणि तो खर्च याच हिशेबात धरा.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कार्टन छापणाऱ्या युनिटमध्ये प्रीप्रेस बघते. औषधांच्या गोळ्यांची खोकी, त्यांची डिझाइन फाइल तपासणं, छपाईची प्लेट करायला पाठवणं हे माझं मूळ काम. कॉम्प्युटरांची जबाबदारीही हळूहळू माझ्याकडेच आली, कारण फाइल वेळेवर प्लेट मशीनपर्यंत पोचली नाही तर खाली मशीन थांबतं आणि पहिला फोन मलाच येतो.

आमच्याकडे नेटवर्कचे चार भाग आहेत. एकाच नेटवर्कमध्ये वेगळ्या पाडलेल्या अशा भागाला व्हीलॅन म्हणतात. ऑफिस आणि फाइल सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये, प्रीप्रेस आणि मशीनांचे पीसी व्हीलॅन २० मध्ये, कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग व्हीलॅन ३० मध्ये, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलसाठी व्हीलॅन ४०. ही विभागणी आधीच्या व्हेंडरने करून ठेवली होती आणि ती बरोबरच होती. पण एका भागातून दुसऱ्या भागात जाणारा सगळा डेटा इंटरनेटच्या राउटरमधून वळून यायचा. त्या राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा. म्हणजे माझ्या टेबलापासून दहा पावलांवरच्या सर्व्हरवरून दोन जीबीची फाइल उचलायला तीन मिनिटं, आणि त्याच वेळी कोणी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघत असेल तर त्याहून जास्त. शिवाय राउटर बंद पडला की इंटरनेटबरोबर आतलंही सगळं बंद. ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात पावसाळ्यात इंटरनेट जाणं आणि वीज खालीवर होणं नवं नाही. त्यात प्लेटचं काम अडायला नको होतं.

म्हणून व्हीलॅनमधलं राउटिंग स्विचवरच करायचं ठरवलं. पूर्ण लेअर थ्री (एल३) स्विच, म्हणजे राउटिंगच्या सगळ्या सोयी असलेला, आमच्या आकाराला महाग पडतो आणि त्यातलं बरंचसं आम्हाला लागतही नाही. टीएल-एसजी३४२८ हा एल२ प्लस वर्गातला, म्हणजे साध्या (एल२) स्विचपेक्षा थोडं राउटिंग जास्त येणारा आहे. व्हीलॅनना आयपी पत्ते देता येतात, त्यांच्यात राउटिंग करता येतं, स्टॅटिक रूट लिहिता येतात आणि डीएचसीपी सर्व्हर (मशीनांना आपोआप पत्ते वाटणारा) आतच आहे. आम्हाला नेमकं एवढंच हवं होतं.

बाकी यंत्राबद्दल थोडक्यात. २४ गिगाबिट पोर्ट, चार एसएफपी खाचा (फायबरची जोडणी बसवायला), ५६ जीबीपीएस स्विचिंग क्षमता, एकोणीस इंची रॅकमध्ये बसतो. पंखा नाही. कागदाची धूळ उडणाऱ्या जागेत याचं महत्त्व मोठं आहे, कारण पंखा असलेल्या यंत्रात ती धूळ आत ओढली जाते आणि मग पंखाच आधी जातो. पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची सोय) मात्र यात नाही, तेव्हा कॅमेऱ्यांचा वेगळा पीओई स्विच आहे तसा ठेवून त्याची एक केबल यात आणली. मशीन शेडकडे जाणारी लाइन एसएफपीतून फायबरने नेली. मोठ्या मोटारींजवळून तांब्याची केबल न्यायची नव्हती.

आता मुख्य भाग, म्हणजे आयपी राउटिंगच्या सेटिंग्ज. स्विच नवीन असताना त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो. लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला पत्ता देऊन ब्राउझरमधून आत जायचं. पानांची रचना सरळ आहे: वर सिस्टिम, एल२ फीचर्स, एल३ फीचर्स, क्यूओएस, सिक्युरिटी, मेंटेनन्स. राउटिंगचं सगळं एल३ फीचर्समध्ये, पण सुरुवात तिथून करायची नाही. आधी एल२ मध्ये जाऊन व्हीलॅन तयार करायचे आणि कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा हे लिहायचं. इथे या कंपनीची पद्धत समजून घ्या. पोर्ट व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड (डेटावर व्हीलॅनचा क्रमांक न चिकटवणारा) सभासद म्हणून टाकणं ही एक नोंद, आणि त्या पोर्टचा पीव्हीआयडी बदलणं ही दुसरी, वेगळ्या टॅबवरची. पहिली नोंद ठरवते की पोर्टमधून बाहेर काय जाईल, दुसरी ठरवते की आत आलेला डेटा कुठल्या व्हीलॅनचा मानायचा. पहिलीच केली तर मशीनला पाठवलेलं मशीनपर्यंत पोचतं, पण मशीनकडून आलेलं व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे नव्या स्विचमधल्या मूळच्या भागात, जाऊन पडतं. दुसऱ्या कंपन्यांच्या स्विचवर एका ओळीत पोर्ट व्हीलॅनला देण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग एल३ फीचर्समधलं इंटरफेसचं पान. वरच्या भागात आयपीव्ही४ राउटिंग चालू असल्याची खात्री करायची. खाली ॲड दाबून प्रत्येक व्हीलॅनसाठी एक इंटरफेस: व्हीलॅनचा क्रमांक, पत्ता स्टॅटिक, १९२.१६८.१०.१, मास्क (पट्टा किती मोठा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. तसंच २०.१, ३०.१, ४०.१. व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्त्यातला तिसरा आकडा एकच ठेवला की पुढे जो कोणी हे सांभाळेल त्याला कागद न बघताही कळतं. इंटरफेस तयार झाले की स्विचला हे चारही सबनेट आपोआप माहीत होतात, त्यांच्यासाठी रूट लिहावा लागत नाही. रूटिंग टेबलचं पान उघडून ते दिसतात का ते बघायचं. एखादा दिसत नसेल तर घाबरू नका: ज्या व्हीलॅनमध्ये एकही चालू पोर्ट नाही त्याचा इंटरफेस बंद राहतो आणि त्याचा रूट टेबलमध्ये येत नाही. एक लॅपटॉप लावा, येतो.

व्हीलॅन १ चा मूळ पत्ता शेवटपर्यंत काढू नका. नव्या पत्त्यावरून स्विचमध्ये शिरता येतंय याची खात्री झाल्यावरच त्याला हात लावा. स्विचच्या पुढच्या बाजूला कन्सोल पोर्ट (लॅपटॉप थेट केबलने जोडून आत शिरायला) दिलेले आहेत, आरजे४५ आणि मायक्रो-यूएसबी असे दोन्ही, त्यामुळे आपणच दार बंद करून घेतलं तरी मागची वाट आहे.

इंटरनेटसाठी मी वेगळा पाचवा व्हीलॅन केला, ९९. त्यात फक्त स्विच आणि राउटर. पट्टा १९२.१६८.९९.०, मास्क २५५.२५५.२५५.२५२, म्हणजे वापरायला दोनच पत्ते: राउटर ९९.१, स्विच ९९.२. मग स्टॅटिक रूटिंगच्या पानावर एकच ओळ. डेस्टिनेशन ०.०.०.०, मास्क ०.०.०.०, नेक्स्ट हॉप (डेटा पुढे कुणाकडे द्यायचा) १९२.१६८.९९.१. अर्थ असा की जे आपल्या घरचं नाही ते सगळं राउटरकडे. डिस्टन्स हा रकाना आहे तसा ठेवायचा. बाहेर जायच्या दोन वाटा असतील तरच त्याचा उपयोग.

इथपर्यंत आलेले बरेच लोक स्विच खराब आहे असं म्हणून थांबतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते. स्विचच्या मेंटेनन्समध्ये नेटवर्क डायग्नॉस्टिक्स आहे. तिथून ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग केलं (पोचतंय का अशी हाक मारली) तर उत्तर येतं. ऑफिसच्या पीसीवरून केलं तर येत नाही. पीसीवरून स्विच दिसतो, दुसऱ्या व्हीलॅनमधली मशीनं दिसतात, नेट मात्र नाही. कारण स्विचमध्ये नाहीच, राउटरमध्ये आहे. स्विच स्वतः पिंग करतो तेव्हा त्याचा पत्ता ९९.२ असतो, आणि तो राउटरच्या दारातलाच. पीसीचा पत्ता १०.२१. त्याचं उत्तर राउटरपर्यंत परत येतं, पण १९२.१६८.१०.० हा पट्टा कुठे आहे हे राउटरला कोणी सांगितलेलंच नसतं. ज्याची वाट माहीत नाही ते तो आपल्या नेहमीच्या वाटेने, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे ढकलतो, आणि ते तिथे संपतं.

तेव्हा राउटरमध्ये परतीचा रूट लिहिणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. चार सबनेटसाठी चार ओळी लिहिता येतात, पण मी एकच लिहिली: १९२.१६८.०.०, मास्क २५५.२५५.१९२.०, नेक्स्ट हॉप १९२.१६८.९९.२. या मास्कमध्ये तिसरा आकडा ० ते ६३ असलेले सगळे पट्टे येतात, म्हणून १०, २०, ३०, ४० आले आणि उद्या ५० वाढवला तर तोही आला. ९९ मुद्दाम बाहेर ठेवला आहे. पत्ते आखतानाच असा विचार केला की नंतर राउटरला हात लावावा लागत नाही.

आमच्याकडे इंटरनेटवाल्याने बसवलेल्या राउटरमध्ये स्टॅटिक रूटचं पानच नव्हतं. त्यांच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, असं कोणी मागतच नाही." कोणी मागत नसेलही, पण गाळ्यांमधून कॅमेरे, हजेरीची मशीनं आणि सर्व्हर जसे वाढतायत तसं हे मागावंच लागणार आहे. काही राउटरमध्ये पान असतं, पण ते फक्त स्वतःच्या पट्ट्यातल्या पत्त्यांचंच नॅट करतात (आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावून इंटरनेटवर सोडतात), मग रूट लिहूनही उपयोग नाही. शेवटी त्यांचा डबा ब्रिज मोडला (स्वतः राउटिंग न करता डेटा नुसता पुढे देणं) टाकून घेतला आणि मागे आमचा स्वतःचा छोटा राउटर बसवला. त्यात रूटही लिहिता आला आणि नॅटही सगळ्यांचं झालं.

डीएचसीपीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते व्यवस्थित चालतं. प्रत्येक व्हीलॅनसाठी एक पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा), त्यात डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून त्या व्हीलॅनचा स्विचवरचा पत्ता. राउटरचा पत्ता तिथे लिहायचा नाही. सर्व्हर, प्रिंटर, प्लेट मशीन यांचे पत्ते एक्सक्लूडेड यादीत टाकून हाताने दिले. हाताने दिलेल्या जुन्या मशीनांमध्ये गेटवे जुनाच राहतो, ती एकेक उघडून बदलावी लागतात. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन याच यादीतलं, आणि ते सगळ्यांच्या शेवटी आठवतं.

वेगवेगळे सबनेट झाल्यावर काही गोष्टी वागायला बदलतात आणि त्याचा दोषही स्विचवर येतो. विंडोजचा फायरवॉल सहसा स्वतःच्या सबनेटमधल्याच पिंगला उत्तर देतो, दुसऱ्या सबनेटच्या नाही. पिंग लागत नाही म्हणून राउटिंग बंद आहे असं समजू नका. शेअर केलेल्या फोल्डरलाही तीच अडचण येऊ शकते, तेव्हा विंडोज नसलेल्या यंत्राला, म्हणजे प्रिंटरला, पिंग करून बघा. नावाने किंवा आपोआप शोधणारे प्रिंटर दुसऱ्या व्हीलॅनमधून सापडत नाहीत, कारण तो शोध ब्रॉडकास्टने (सगळ्यांना एकदम मारलेल्या हाकेने) चालतो आणि ब्रॉडकास्ट राउटिंगमधून पलीकडे जात नाही. प्रिंटर आयपी पत्त्याने जोडा. सर्व्हरचा पाथही नावाऐवजी पत्त्याने लिहा. अकाउंट्सच्या मॅडमना हा बदल आधी समजावून सांगितला, शॉर्टकट नवे करून दिले, आणि महिनाअखेरच्या कामात काही अडलं नाही.

राउटिंग चालू झालं म्हणजे सगळ्यांना सगळ्यांकडे जाता येतं. पाहुण्याच्या मोबाइलवरूनही फाइल सर्व्हरपर्यंत वाट उघडी होते. म्हणून एसीएल (कुणी कुठे जायचं याचे नियम) त्याच दिवशी लावा, पुढच्या शुक्रवारच्या सुट्टीवर टाकू नका. औषध कंपन्यांची डिझाइन आमच्याकडे छपाईआधी येतात. ती बाहेर जाणं आम्हाला परवडणारं नाही, आणि त्या विश्वासावरच आमचं युनिट चालतं.

या स्विचच्या एसीएलचे दोन स्वभाव ओळखून घ्या. एक, कुठलाही नियम लागू झाला नाही तर डेटा जाऊ दिला जातो. सिस्को कंपनीच्या स्विचवर अशा यादीत शेवटी न दिसणारा नकार असतो, इथे तसा नाही. जे अडवायचं ते तुम्हालाच लिहून अडवावं लागतं. दोन, हे नियम प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) सुटं बघतात. हे पॅकेट कुणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे याची आठवण ठेवत नाहीत. म्हणजे कॅमेऱ्यांनी ऑफिसकडे जाऊ नये असा सरसकट नियम घातला तर ऑफिसमधून रेकॉर्डिंग बघणंही बंद होतं, कारण रेकॉर्डरचं उत्तर त्याच नियमात अडकतं. मी व्हीलॅन ३० वर आधी रेकॉर्डरच्या एका पत्त्यावरून ऑफिसकडे परवानगी दिली, त्याखाली बाकी सगळ्या कॅमेऱ्यांना ऑफिस आणि प्रीप्रेसकडे मनाई केली. क्रम उलटा झाला तर परवानगीपर्यंत गाडी येतच नाही.

व्हीलॅन ४० वर आधी यूडीपी ६७ ला (डीएचसीपीच्या वाटेला) परवानगी, मग १९२.१६८.०.० मास्क २५५.२५५.१९२.० कडे मनाई. पहिली ओळ कशासाठी, तर मोबाइल पत्त्याची मुदत वाढवून घ्यायला थेट ४०.१ शी बोलतो, ते अडू नये. दुसऱ्या ओळीने आतले सगळे पट्टे एकदम बंद होतात, आणि राउटर ९९ मध्ये असल्याने डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणं) चालूच राहतो. पत्ते आखतानाचा विचार इथे दुसऱ्यांदा कामी आला. स्विचच्या स्वतःच्या पानावर कुणी शिरू नये म्हणून सिक्युरिटीमधल्या ॲक्सेस कंट्रोलमध्ये फक्त माझ्या पीसीचा पत्ता ठेवला आहे.

फरक काय पडला? तीच दोन जीबीची फाइल आता वीस सेकंदांच्या आसपास येते. व्हीलॅनमधला डेटा राउटरपर्यंत जातच नाही, स्विच आपल्या हार्डवेअरमध्येच तो फिरवतो, म्हणून पूर्ण गिगाबिट मिळतो. त्यानंतर एका दुपारी रस्त्यावर खोदकाम सुरू असताना इंटरनेट गेलं. मेल बंद, ऑफिसात आरडाओरडा. खालून प्लेट मशीनवरचा दादा वर आला आणि म्हणाला, "ताई, पुढची फाइल टाका ना, मी मोकळा बसलोय." त्याला नेट गेल्याचं माहीतही नव्हतं. मला हा स्विच घेतल्याचं खरं समाधान त्या दिवशी मिळालं.

बदल केला की वर उजवीकडचं सेव्ह दाबायचं. अप्लाय दाबल्यावर सेटिंग लागू होते, पण सेव्ह केल्याशिवाय वीज गेल्यानंतर टिकत नाही. आपल्याकडे वीज जातेच, त्यामुळे हे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगा. सिस्टिम टूल्समधून कॉन्फिगचा बॅकअप काढून एक प्रत स्विचच्या बाहेर, सर्व्हरच्याही बाहेर ठेवा. मी एक पेन ड्राइव्ह स्टोअरच्या काकांकडे कुलपात दिला आहे आणि पत्त्यांचा तक्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवला आहे. टीपी-लिंकच्या ओमाडा कंट्रोलरशी (अनेक यंत्रं एका जागेवरून सांभाळणारा) हा स्विच जोडता येतो. एकच स्विच असेल तर त्याची गरज नाही. जोडायचं असेल तर आधी ठरवा, कारण मग सेटिंग कंट्रोलरमधून करायच्या असतात आणि आधी हाताने केलेलं तिथे पुन्हा मांडावं लागतं.

हा कुणी घेऊ नये तेही सांगते. हा फायरवॉल नाही आणि नॅटही करत नाही, तेव्हा राउटर काढून टाकायच्या विचारात असाल तर नको. आणि दोन-तीन जागा एकमेकींना जोडल्या असतील, एक लाइन तुटली की दुसरीवरून आपोआप वाट बदलावी अशी गरज असेल, तर स्टॅटिक रूट पुरत नाहीत. तिथे ओएसपीएफ (वाटा आपोआप शोधण्याची पद्धत) करणारा पूर्ण एल३ स्विच लागतो. आमच्या ओळखीच्या एका युनिटचे रबाळ्याला आणि महापेला असे दोन गाळे आहेत, मध्ये दोन वेगवेगळ्या लाइन. त्यांनी आमचा बघून हाच घ्यायचं ठरवलं होतं, त्यांना मी थांबायला सांगितलं. फक्त महापेच्या छोट्या गाळ्यात, जिथून बाहेर जायला एकच वाट आहे, तिथे हा चालेल.